जायफळाचे चार वेढे

माझा सत्कार ठेवताय? नको गं बायांनो. मागच्या वेळी काय झालं ते आधी ऐका.

बाळंतिणींसाठी काम करते म्हणून लालबागच्या एका मंडळाने मला शाल-नारळ द्यायचं ठरवलं. माझ्या वस्तीतली सावंतांची सून दीड महिन्याच्या मुलाला घेऊन पहिल्या रांगेत बसलेली, शेजारी तिची सासू. बाहेर ताशा, आत माईक किंचाळतोय, आणि बाळ हूं नाही की चूं नाही. पाहुणे माईकवरूनच म्हणाले, "किती गुणी पोर!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

एवढ्या आवाजात ते साधं दचकलंही नव्हतं.

तशीच स्टेजवरून उतरले, त्याच्या तळव्याला टिचकी मारली. काही नाही.

"आजी, काय दिलंत याला?"

"गुटीच हो. तुमच्या सत्कारात रडायला नको, म्हणून जायफळाचे चार वेढे जास्त उगाळले."

घरोघर दूध पाजायला शिकवणारी मी, गुटीचं कधी विचारलंच नव्हतं.

हॉस्पिटलला जाताना टॅक्सीत त्याच्या छातीवर हात ठेवून बसले. प्रत्येक श्वासानंतर वाटायचं, पुढचा आलाच नाही तर? आजी सारख्या म्हणत होत्या, "मॅडम, ओरडा ना मला." मी त्याचे श्वास मोजत होते.

संध्याकाळी वॉर्डात त्याने भोकाड पसरलं, आणि बाहेर आजी दाराला कान लावून ऐकत राहिल्या.

अजून रोज सकाळी त्यांचा फोन येतो. बोलत काही नाहीत. फोन नुसता बाळाच्या तोंडाशी धरतात.