शाल चालेल, नारळ नको

नको रे हितेंद्र, शाल चालेल, नारळ नको. — शुगरचं काय त्यात, हातात घेतला म्हणून लगेच खायचा थोडाच असतो? मानाचा असतो, ते मला नको सांगू, तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली, शाल-श्रीफळ काय आज पहिल्यांदा बघतोय? पत्रिका वाचली मी — असोद्यात तुझ्या आबांच्या स्मरणार्थ शर्यत, वर्ष सहावं, प्रमुख पाहुणे पितांबर सर, म्हणजे मी, सत्कार तुझ्या बहिणीच्या, डिंपलच्या हस्ते. सगळं बरोबर आहे. शाल बघू — मऊ आहे, छान आणलीस, राहू दे माझ्या मांडीवर. नारळ तेवढा पिशवीतच ठेव. बस, चहा येतोय.

त्या फोटोकडे काय बघतोस? त्याच दिवशीचा आहे तो, परदेशातल्या स्पर्धेतला. मी, तिथला एक उंच कोच, आणि मागे मैदान. हसतोय ना मी? हो, हसतोय. डिंपलची शर्यत दहाला होती. आपल्याकडे नारळ वाढवल्याशिवाय ती कधी पळाली का? कधीच नाही. म्हणून जळगावहून बॅगेत घालून नेला होता, आणि ऐन वेळी बॅग राहिली खेळाडूंच्या गेटजवळच्या खोलीत. कोण विसरलं? मीच, दुसरं कोण. तुझे आबा म्हणजे देवमाणूस — पहिल्यांदा विमानात बसले ते लेकीला पळताना बघायला — म्हणाले, 'तुमी अठीच थांबा सर, मी आनतो.' — नाही. असं नाही म्हणाले. दरवर्षी भाषणात मी असंच सांगतो, पण ते काहीच म्हणाले नव्हते. मीच म्हणालो, 'निंबाभाऊ, तेवढा नारळ घेऊन या.' मला हा फोटो काढून घ्यायचा होता रे. गेटवर त्यांना सोडत नव्हते, तर माझा पास मीच त्यांच्या गळ्यात घातला. अतिरेक्यांचा बॉम्ब त्याच गेटवर फुटला.

दुसऱ्या दिवशी मैदानावर सगळ्या देशांचे झेंडे अर्ध्यावर, हजारो माणसं उभी, गेलेल्या नऊ जणांसाठी एक मिनिट शांतता. तेव्हा डिंपलने माझा हात धरून हळूच विचारलं, 'सर, आबा तिकडे कशाला गेले होते?' मी म्हणालो, 'तुझ्यासाठी नारळ आणायला, बेटा.' खोटं बोललो का? नाही ना? पण पाठवलं कोणी, तेवढं गिळलं. पोरगी त्या दिवसापासून पळाली नाही. म्हणते, माझ्या शर्यतीपायी माझा बाप गेला. आणि मी ऐकून घेतो. दरवर्षी असोद्यात ते एक मिनिट सुरू झालं की ठरवतो, हे संपलं की तिला सांगायचं — मग शिट्टी होते, पोरं पळतात, आणि मी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवतो.

उद्या ती माझ्या हातात नारळ देणार. कोणत्या हातांनी घेऊ, तूच सांग. — हवं तर चार शिव्या घाल. तिला मीच सांगेन, उद्या, शर्यतीच्या आधी — नाही, तूच सांग, तू भाऊ आहेस — नाही नाही, मीच. अरे, उठलास का? चहा तसाच आहे तुझा. शाल का ओढतोस? बरं, ने. ने, शाल ने. पिशवीतून तो कशाला काढतोस? इथे टेबलावर नको ठेवू. हितेंद्र, तो घेऊन जा बाबा — हितेंद्र, नारळ —