बदामाचं एकच पान

पंच: डॉक्टर, ब्रिजचा नियम साधा आहे. बोलीचं कार्ड काढताना हात चुकून शेजारचं आलं, की टाकल्यावर तुमचा विचार बदलला?

डॉक्टर: फरक काय पडतो?

पंच: सगळा फरक तोच! हात चुकला असेल तर बदला, वहिनींची बोली अजून व्हायचीय. विचार बदलला असेल तर टाकलेली बोली कायम.

बायको: अहो, सांगा ना!

पंच: वहिनी, तुम्ही पार्टनर. तुम्ही मध्ये बोलायचं नाही.

डॉक्टर: विचार बदलला. चार बदाम राहू द्या.

(खेळ संपल्यावर. क्लबच्या आवारात, गाडीत.)

बायको: आता बोलू?

डॉक्टर: हरलो. झालं.

बायको: हरण्याचं काय घेऊन बसलात! हातात बदामाचं एकच पान, आणि चार बदाम? तुम्हाला इस्पिक बोलायचं होतं.

डॉक्टर: आपल्याविरुद्ध कोण खेळत होतं? ज्याला मी डोळ्याला टाके घालायला शिकवलं, तो. त्याच्यादेखत हात चुकला म्हणू?

बायको: म्हणून अक्कल चुकली म्हणालात.

डॉक्टर: अक्कल कुणाचीही चुकते. डोळ्याच्या सर्जनचा हात चुकून कसं चालेल?

बायको: कधीपासून थरथरतोय?

डॉक्टर: दाढी करताना लक्षात आलं. झाले काही महिने.

बायको: आणि मी खुळी! अर्धाच कप चहा मागता, तर म्हटलं, साखर सांभाळताहेत.

डॉक्टर: भरलेला कप सांडतो गं.

बायको: उद्या ऑपरेशन कुणाचं आहे?

डॉक्टर: एक शिंपीणबाई आहेत. दुसऱ्या डोळ्यानं दिसत नाही त्यांना.

बायको: म्हणजे हा एकच? आणि तुम्ही करणार?

डॉक्टर: दुसरं येतं काय मला? सकाळी उठून जायचं कुठं मी?

बायको: मला नाही माहीत. खरंच नाही माहीत. रडू येतंय मला. पण त्या बाईंना सुईत दोरा ओवायचाय हो.

डॉक्टर: तो बघ, माझा विद्यार्थी बाहेर आला. हाक मार त्याला.

बायको: काय सांगू?

डॉक्टर: म्हणावं, उद्याचं ऑपरेशन तू कर.

बायको: आणि परवाचं?

डॉक्टर: परवाचंही.