आमच्या ह्यांना मत नाही

...नाही, पण मी काय म्हणते, ज्या माणसाला मत नाही त्यानं मतदानाच्या भानगडीत पडावंच कशाला? तुम्हीच सांगा. जर्मनीत आलो गाड्या करायला, तर गाड्या कराव्यात, पगार घ्यावा, शनिवारी भाजी आणावी आणि गप्प बसावं. तर नाही. आमचे हे, देवदत्त पेंडसे, नेकारसुल्मच्या कारखान्यात इंजिनीयर, अकरा वर्षं झाली, भाजीची यादी हातात दिली तर यादी गाडीत विसरून भलतंच काहीतरी घेऊन येतील, पण गावाला नगरपरिषदेत किती खुर्च्या असाव्यात ह्याचा आठ पानी कागद पेटीत पडला, तर तो तीनदा वाचला, पिवळ्या पेनानं रंगवला आणि चौथ्यांदा मला वाचून दाखवला. मी कणीक मळत होते. आणि स्वतःला मत आहे का? तर नाही!

हे मत नाही प्रकरण आधी सांगते, म्हणजे तुमचा घोळ व्हायला नको. दोन हजार एक साली आम्हाला म्हणाले, आठ वर्षं होऊन गेलीत, हवं तर जर्मन नागरिक व्हा. माझी बहीण यमुना लंडनला, तिच्याकडे जायचं तर दर वेळी व्हिसा, दर वेळी रांग, मी म्हटलं द्या बाई, आणि झाले. हे म्हणाले, 'मी माझा पासपोर्ट सोडणार नाही.' बरं, नका सोडू. तो पासपोर्ट देव्हाऱ्याच्या खालच्या खणात असतो, हळदकुंकू वाहायचं तेवढं बाकी आहे. तर सांगायचा मुद्दा, घरात मत एकच, ते माझं, आणि मला त्यात काडीचा रस नव्हता.

आता भानगड काय होती? थांबा, मला आता झोपेतून उठवलंत तरी सांगेन. आमचं रेबनहोफ म्हणजे द्राक्षांचे मळे, एक चर्च, एक पाववाला, आगीच्या बंबवाल्यांची शेड आणि चारशे मतदार, संपलं गाव. तीस वर्षांपूर्वी आमच्यासारखी पाच गावं शेजारच्या ओबरफेल्डन शहराला जोडली आणि जोडताना शब्द दिला की शहराच्या परिषदेत प्रत्येक गावाची एक खुर्ची राखीव राहील. ह्या पद्धतीला जर्मनमध्ये जे नाव आहे ना, ते उच्चारून होईपर्यंत चहा निवतो, म्हणून मी घेत नाही. तीस वर्षं सुरळीत चाललं. आणि दोन हजार तीनमध्ये परिषदेनं ठरवलं, आता राखीव बिखीव काही नाही, ज्याला मतं जास्त तो बसेल. आता जास्त मतं कुणाला पडणार? शहरवाल्यांना. आमच्या गावाच्या शेवटच्या वळणावर बर्फ कोण काढणार हे मग विचारायचं कुणी? लोक चिडले, सह्या गोळा केल्या आणि कायद्याप्रमाणे प्रकरण थेट मतदानाला आलं. ब्युर्गरएंटशाइड. म्हणजे परिषद बाजूला, निकाल लोकांनीच लावायचा. 'खुर्च्या राहू द्यायच्या का?' हो किंवा नाही.

प्रश्न एका ओळीचा आणि खुलासा आठ पानांचा, तुम्हाला सांगते, जर्मन माणसाला जर्मन कळेना. शेजारचे हेर आयझेले, हेर म्हणजे इकडचे श्रीयुत, बंबवाल्यांचे प्रमुख, सत्तरीचे, हे एवढे हात, ते कुंपणावरून कागद नाचवत म्हणाले, 'हेर पेंडसे, तुम्ही इंजिनीयर ना? मग हे सांगा की काय आहे ते.' झालं! ह्यांना कुणी 'तुम्ही इंजिनीयर ना' म्हटलं की संपलं, माझ्या वडिलांनीही मुलगी दाखवताना तेवढंच विचारलं होतं.

बंबवाल्यांच्या शेडमध्ये सभा ठेवली. साठ माणसं. मी फोडणी टाकायला मिसळणाचा डबा शोधतेय, तर डबा नाही. सगळं घर उलटं केलं, शेवटी पेटली ट्यूब आणि तशीच चपला घालून शेडमध्ये गेले, तर बंबाच्या पुढ्यात टेबल, टेबलावर माझा डबा, आणि हे एकेक वाटी उचलून दाखवतायत, 'आल्झो, तर मग, ही मोहरी म्हणजे शहर. हळद, जिरं, मेथी, तिखट, ही चार गावं. आणि हा हिंग, हे आपलं रेबनहोफ. चिमूटभर. आता बघा, वाट्या काढून टाकल्या तर काय होतं?' आणि, काय सांगू तुम्हाला, माझ्या डोळ्यांदेखत सगळ्या वाट्या डब्यात पालथ्या केल्या हो! 'आता शोधा हिंग.' साठ माणसं पुढे वाकून डब्यात बघतायत, आणि आयझेले नाकाला हात लावून म्हणाले, 'दिसत नाही, पण वास येतोय.' अख्खी शेड हसली. मी हसले नाही. पाव किलो मोहरी होती ती. पण खरं सांगू? जे आठ पानांत कुणाला कळलं नाही, ते पाच मिनिटांत सगळ्यांना कळलं, आणि मी मागे दाराशी उभी राहून मनात म्हटलं, आहे, माणसात काहीतरी आहे. आणि स्वतःला मत आहे का? तर नाही.

इथवर सगळं छान. पण माणूस जिंकत असला की थांबत नाही ना वेळेवर! मागून एका बाईंनी विचारलं, 'आणि ती तीस टक्क्यांची अट?' अट अशी, की नुसती जास्त मतं मिळून भागत नाही, एकूण सहा हजार मतदारांपैकी तीस टक्क्यांनी, म्हणजे अठराशे जणांनी येऊन 'हो' म्हटलंच पाहिजे. आता मतदान होतं ऑक्टोबरातल्या रविवारी, ऐन द्राक्षतोडणीत, लोकांना जेवायला सवड नाही. म्हणून बाईंना काळजी. तर हे हसून म्हणाले, 'अजिबात काळजी करू नका. तेवढे नाही आले तर मतदान तहकूब होतं आणि अर्ध्या तासानं परत होतं. मग अट लागू नाही.'

हे आलं कुठून, विचारा. कोथरूडहून! आमच्या सोसायटीत हे सहा वर्षं सेक्रेटरी होते. चोवीस बिऱ्हाडं, आणि सहा वर्षांत कोरम एकदा भरला असेल तर शपथ. सहा वाजता सभा, हजर कोण, तर हे, वॉचमन आणि चहासाठी येणारे नागेशकाका. मग हे उभे राहून, त्या दोघांपुढे, खड्या आवाजात म्हणणार, 'कोरमअभावी सभा तहकूब करण्यात येत आहे. हीच सभा अर्ध्या तासाने याच ठिकाणी भरेल, तिला कोरमचे बंधन राहणार नाही.' आणि साडेसहाला त्याच तिघांत सगळे ठराव मंजूर. ह्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं, की कोरम म्हणजे अर्धा तास. आता कोथरूडचा नियम जर्मनीला कसा लागू होईल? पण ठामपणा असा, की जर्मनांनी लिहून घेतलं! आयझेलेंनी पाचही गावांत फोन करून सांगितलं, अर्धा तास आहे, आरामात या, नाही आलात तरी चालेल.

आणि मग आमची लेक कादंबरी. सोळा वर्षांची, मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये. मतदानाला दहा दिवस राहिलेत, जेवताना हे फुशारक्या मारतायत, तिनं तो आठ पानी कागद ओढला आणि शांतपणे म्हणाली, 'बाबा, दास श्टेट हीर निष्ट.' इथे असं लिहिलेलंच नाही. हे म्हणाले, 'नीट बघ.' ती म्हणाली, नीटच बघितलंय, अठराशे भरले नाहीत तर निर्णय परत परिषदेकडे जातो, अर्धा तास वगैरे काही नाही. परिषदेकडे! म्हणजे ज्यांनी खुर्च्या काढल्या त्यांच्याकडेच!

ह्यांचा घास हातात तसाच राहिला. चेहरा असा उतरला, की मला वाटलं बीपीची गोळी द्यावी. अख्ख्या पाच गावांनी ह्यांच्या भरवशावर रविवारी मळ्यात जायचं ठरवलेलं. खुर्ची जाणार, आणि जाणार ती ह्यांच्यामुळे. मी म्हटलं, 'अहो, आयझेलेंना फोन करा, ते सांगतील सगळ्यांना.' तर म्हणाले, 'नाही सरला. चूक मी सांगितली, दुरुस्तीही मीच सांगणार.'

आता नीट ऐका हं. वीस वर्षं संसार झाला आमचा. कुलूप लावायचं राहिलं, गॅस चालू राहिला, बर्लिनला जाताना उलट्या दिशेच्या गाडीत बसवलं मला, पण 'माझं चुकलं' हे दोन शब्द मी ह्या माणसाच्या तोंडून ऐकलेले नाहीत. कधीही नाही! चूक असते ती परिस्थितीची. आणि त्या माणसानं आठवडाभर रजा टाकली, सायकल काढली आणि पाच गावांतली नऊशे दारं वाजवून, नऊशे वेळा, तेही जर्मनमध्ये, टोपी काढून सांगितलं, 'नमस्कार, मी पेंडसे. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. अर्धा तास नाही. माझं चुकलं. रविवारी कृपा करून या.' संध्याकाळी घसा बसलेला, पोटऱ्या सुजलेल्या, मी गरम पाण्याची बादली द्यायची, आणि सकाळी परत सायकल. काही दारं तोंडावर बंद झाली. एकानं विचारलं, 'तुम्ही स्वतः कशाला मत देणार?' हे म्हणाले, 'मला मत नाही.' त्याला वाटलं हा माणूस वेडा आहे. मला तर लग्नापासून वाटतंय.

पण शेवटच्या गावात एका नव्वदीच्या आजीबाईंनी दार उघडलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'साठ वर्षं ह्या दारात निवडणुकीला माणसं येतायत. प्रत्येक जण सांगतो, समोरच्याचं चुकलं. स्वतःचं चुकलं म्हणणारे तुम्ही पहिले.' आणि भोपळा दिला. असे सात भोपळे जमले हो त्या आठवड्यात, आम्ही घारगे खाऊन खाऊन पिवळे झालो. पण हे त्या आजीबाईंची गोष्ट सांगत होते ना, तेव्हा मी पाठ फिरवून उगाच ओटा पुसत बसले. डोळे भरून आले होते, त्यांना कशाला दाखवायचे? आधीच डोक्यावर बसतात.

रविवार उजाडला. मतदान पाचही गावांना मिळून ओबरफेल्डनच्या शाळेच्या जिममध्ये. आत प्रचार करायचा नाही म्हणून हे समोरच्या पाववाल्याच्या दारात माझी पर्स धरून उभे, आणि मला शंभर सूचना, 'घाई करू नकोस. दोनदा वाच. फुली चौकटीच्या बाहेर जाऊ देऊ नकोस.' मी आत गेले, तर काय सांगू, रांग! मळ्यातून थेट आलेली माणसं, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, बायकांच्या डोक्याला रुमाल, आजीबाई चाकाच्या खुर्चीत. मी मत दिलं, पेटीत टाकलं आणि सवयीनं डाव्या हाताचं बोट टेबलावरच्या साहेबांपुढे धरलं. शाईसाठी! ते बघतायत बोटाकडे, मी बघतेय त्यांच्याकडे, मागे रांग खोळंबलेली. शेवटी त्यांनी खण उघडला आणि मोठ्या मायेनं बोटाला चिकटपट्टी लावून दिली. मी डांकं, धन्यवाद, म्हणून बाहेर आले. आणि बाकी रांगेत बघते तर प्रत्येकाची दहाही बोटं काळ्या द्राक्षांनी रंगलेली, त्यांना कुठे लागतेय शाई?

सहाला मतदान संपलं, सातला रातहाउसमध्ये, म्हणजे नगरपरिषदेच्या इमारतीत, आकडा लावला. 'हो'ची मतं हवी होती अठराशे, पडली अठराशे नऊ. नऊ मतं जास्त! आयझेलेंनी ह्यांना उचललं, अक्षरशः उचललं हो, पंच्याहत्तर किलोचा माणूस, आणि हे वरून ओरडतायत, 'माझा चष्मा, माझा चष्मा!' पाच गावांची माणसं टाळ्या वाजवतायत, आणि आमची कादंबरी, जी रस्त्यात आमच्यापासून दहा पावलं लांब चालते, ती मैत्रिणीला मोठ्यांदा सांगत होती, 'दास इस्ट माइन फाटर!' हे माझे बाबा. मला विचाराल तर माझं सगळं तिथेच फिटलं. मोहरीसकट.

तिथेच संपायला हवं होतं की नाही? पण आयझेलेंनी ह्यांना खाली ठेवलं आणि म्हणाले, 'आल्झो, खुर्ची राहिली. जूनमध्ये निवडणूक. रेबनहोफकडून उभं कोण राहणार?' सगळी गर्दी ह्यांच्याकडे बघायला लागली. हे लाजले, चष्मा पुसला आणि म्हणाले, 'पण मी उभा राहू शकत नाही. मला तर मतसुद्धा नाही.' सगळे हळहळले. गेनाऊ, गेनाऊ, खरंच की. आणि मग एकेक मान हळूहळू वळली. माझ्याकडे. मी मागे बघितलं, मागे भिंत.

हे म्हणाले, 'सरला, तू घाबरू नकोस. मी सगळं समजावून सांगीन.'

जूनमध्ये मी निवडून आले, आणि तेव्हापासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मी परिषदेत असते, गटारं, बालवाडीचं छप्पर, वळणावरचा बर्फ, सगळं बघते. हे प्रेक्षकांत, पहिल्या रांगेत, पिवळं पेन घेऊन. बोलायची परवानगी नाही, म्हणून खोकतात. परवा मी त्या खोकल्याच्या विरुद्ध हात वर केला, तर परत येताना घराशी पोचल्यावर हळूच म्हणाले, 'तुझं बरोबर होतं गं.' म्हणजे बघा, नऊशे दारं फिरल्यावर कुठे नऊशे एकावं दार माझं लागलं! पण पाच वर्षं काढायची आहेत हो अजून. कणीक तिंबून ठेवून जाते मी मीटिंगला. खुर्ची वाचवली ह्यांनी, आणि बसायचं मात्र मला.