चांदण्यांचं अक्षर

माझ्या चांदण्यांच्या फॉन्टला तुम्ही हसता, पण त्याचं एक सांगतो. त्यातल्या प्रत्येक अक्षराला तारे लटकलेले असतात, म्हणून बारशाच्या पत्रिकेला मी तोच लावतो. मागं वैजापूरचं एक कुटुंब गुलमंडीत माझ्या दुकानात आलं. सून, तिच्या मांडीवर बाळ, आणि सासरा. स्क्रीनवर नातीचं नाव बघून सासरा म्हणाला, "तारे काढा. साधं अक्षर टाका."

"का हो आबा? छान दिसतंय की."

आवाज खाली आणून तो म्हणाला, "पोरगी मूळ नक्षत्रावर झालीय. मुळाची शांत केली, तरी लोक लई बोलतात. त्यात आपणच हे तारे कशाला दाखवायचे?"

मी फॉन्ट बदलायला घेतला, तेवढ्यात सून बोलली, "राहू द्या, दादा. आबा, लोक कानात बोलतात ना? आपण छापून वाटू."

आबांनी खिशातून चष्मा काढला आणि नातीचं नाव पुन्हा वाचलं.

"तारे नीट दिसंनात," ते म्हणाले. "जरा मोठे करा."