उलट्या बाजूचा निळा टाका

मावशी : बोटं माझी, सुई माझी, कोट आपल्या गिऱ्हाइकाचा. मग खाली हे नाव कोणाचं?

भाची : तेच सांगतेय, मावशी. आपला रफूचा व्हिडिओ त्या मोठ्या पेजनं उचलला. कोपऱ्यातलं दुकानाचं नाव कापून स्वतःचं टाकलं.

मावशी : विचारलं नाहीस त्यांना?

भाची : विचारलं. तर मलाच ब्लॉक केलं. त्यांना लाखो लोक बघतात, आपल्याला चारशे. आता सगळे आपल्यालाच चोर म्हणताहेत.

मावशी : तरीच. सकाळी ती स्वेटरवाली विचारत होती, "रफू नक्की तुम्हीच करता ना?" मला वाटलं, सहज विचारतेय.

भाची : लोकांना पटेल असं काहीतरी दाखवायला हवं.

मावशी : मग निळा टाका दाखव की.

भाची : कुठला निळा टाका?

मावशी : काम संपलं की कापड उलटं करून मी कडेला एक निळा टाका घालते. कापड कुठल्याही रंगाचं असो. माझी सहीच म्हण ना. त्या दिवशी तुझ्यासमोरच घातला होता.

(भाची फोन खाली ठेवते.)

भाची : तो भाग मी कापला.

मावशी : माहीत आहे.

भाची : मला वाटलं, दोरा चुकून राहिलाय. इतक्या सुबक कामावर तो ठिपका बरा दिसेना. म्हटलं, उलटी बाजू कोण बघतंय.

मावशी : वाईट वाटलं होतं मला. सगळं काम दाखवलंस आणि मला तेवढं गाळलंस.

भाची : मग बोलली का नाहीस?

मावशी : तू इतकी खूश होतीस. शिवाय फोनमधलं मला काय कळतंय, असंही वाटलं.

भाची : म्हणजे त्यांच्याआधी मीच तुझं नाव कापलं.

मावशी : उगाच त्यांच्या पंगतीला बसू नकोस. तुझ्यावर निदान रागावता तरी येतं.

भाची : रागाव मग.

मावशी : रागावले की. आठवडाभर तुझ्या चहात साखर कमी होती.

भाची : मला वाटलं, संपत आलीये.

मावशी : तो कापलेला भाग गेला का कायमचा?

भाची : नाही, मूळ शूटिंग आहे माझ्याकडे. आणि तेवढा भाग त्यांच्याकडे असणारच नाही. आता पूर्ण टाकते. वर काय लिहू? दुकानाचं नाव की तुझं?

मावशी : शेवटी कोट उलटा होतो ना त्यात?

भाची : होतो.

मावशी : मग तेवढं जरा सावकाश चालू दे.