त्रेचाळीस किलो

मुलगी — तुम्ही सांगितलं होतं हो ताई. पहिल्याच दिवशी, याच खुर्चीत. ‘आईचं वजन फोनवर विचारून लिहू नका, काट्यावर उभं करून आपल्या डोळ्यांनी बघा.’ मी हो हो म्हटलं नि सोडून दिलं.

लॅबताई — सहा आठवडे त्रेचाळीस. अहो, कॅन्सरच्या माणसाचं वजन असं दगडासारखं बसून राहतं का? आणि तक्त्याखाली सही तुमची, ‘समक्ष पाहिले’.

मुलगी — बाळाला दात येत होते. आई दोनच गल्ल्या पलीकडे राहते, पण याला कडेवर घेऊन तीन जिने... ती म्हणायची, ‘त्रेचाळीस लिही, आणि जरा पड तू.’ आज तुमच्या काट्यावर अडतीस.

लॅबताई — वजन चाळीसच्या खाली असलं की गाठीशी लढणाऱ्या पेशी आम्हाला देता येत नाहीत. शरीराला सोसत नाही ते.

मुलगी — पण माझ्या रक्तात सापडल्या ना?

लॅबताई — सापडल्या. काल संध्याकाळी. चांगल्या तगड्या आहेत.

मुलगी — त्या नेमकं काय ओळखतात, परत सांगा ना. तेव्हा माझं अर्धं लक्ष याच्याकडे होतं.

लॅबताई — प्रत्येक पेशी आपल्या आत काय शिजतंय त्याचे बारीक तुकडे बाहेर खुंट्यांवर टांगते. पहाऱ्यावरच्या पेशी ते बघत फिरतात. तुमच्या आईच्या गाठीनं तुकडे वर पोचवणारा पंपच बंद केला. बघायला काही नाही, म्हणजे सगळं आलबेल. पहारा पुढे गेला.

मुलगी — ‘मला काय धाड भरलीय!’ हेच म्हणते ती.

लॅबताई — पण पंप बंद पडला की रिकाम्या खुंट्यांवर भलतेच तुकडे येऊन बसतात. आडवाटेनं आलेले. एरवी त्यांना कोण जागा देतंय! ते ओळखणाऱ्या पेशी निरोगी माणसाच्या रक्तात नुसत्या बसून असतात, काम नसल्यासारख्या. तुमच्यात होत्या तशा.

मुलगी — रक्ताला कळलं, मला नाही. आडवाटेनं दिसत होतं की सगळं. बाळाला उचलून घेणं सोडलं तिनं. कंबर दुखते म्हणून रोज रडगाणं असायचं, तेही थांबलं. मी म्हटलं, सुटले बाई एकदाची.

लॅबताई — डोळे पुसा. बाळ बघतंय तुमच्याकडे.

मुलगी — वजन वाढलं तर?

लॅबताई — नळीनं अन्न सुरू करतील. तीन आठवडे बघू. पेशी मी गोठवून ठेवते, त्यांना घाई नाही.

मुलगी — आणि गाठीला?

लॅबताई — (बाळाच्या मुठीतून पेन सोडवत) गाठीला आहे.

मुलगी — तुमची आई कुठे असते ताई?

लॅबताई — बसनं तासाभरावर. एकटीच. रविवारी बोलले ना, मजेत आहे म्हणाली.

मुलगी — फोनवर?

लॅबताई — ...हो. फोनवर.

मुलगी — आजच जा. किल्ली असली तरी लावू नका, दार तिलाच उघडू द्या. किती वेळ लागतो, ते बाहेर उभं राहून बघा.