मैदानाकडे तोंड करून

नोएलीन : गाडी मागे घे. इथे नको.

गार्थ : अगं, वीस वर्षं आपण इथेच लावतोय. दोन वर्षं आलो नाही, तरी लोकांनी जागा रिकामी ठेवली.

नोएलीन : म्हणूनच नको. सगळं मैदान बघतंय.

गार्थ : बघू दे. थंडीनं काचा धुरकटल्यात, त्यांना काय दिसणार! चहा ओतू?

नोएलीन : खताची पोती घ्यायची आणि परतायचं, असं म्हणाला होतास ना? मग थर्मास कुठून आला?

गार्थ : थाप मारली.

नोएलीन : तुला थापाही धड मारता येत नाहीत. आणि तो चौदा नंबर घालून कोण पळतोय?

गार्थ : चहा घे आधी.

नोएलीन : गार्थ, तो हॅमिशचा नंबर आहे.

गार्थ : ब्रॉडी आहे तो. अपघातानंतर आज पहिल्यांदा मैदानात उतरलाय. क्लबनं विचारलं होतं, चौदा नंबर त्याला देऊ का. मी हो म्हटलं.

नोएलीन : मला न विचारता?

गार्थ : विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस.

नोएलीन : म्हणालेच असते! माझ्या पोराला शेजारी बसवून गाडी झाडावर घातली त्यानं. आता त्याच्याच अंगावर माझ्या पोराचा नंबर? आणि तू, बाप असून...

गार्थ : तो प्यायलेला नव्हता, नोएलीन. सुसाटही नव्हता. सामना खेळून घरी येत होती पोरं. कांगारू आडवं आलं.

नोएलीन : आलं तर येऊ दे! ब्रेक दाबायचा आणि सरळ धडक द्यायची, स्टिअरिंग वळवायचं नाही. इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. तूच शिकवलंस दोघांना, मागच्या शेतात, त्या खटाऱ्यात बसवून.

गार्थ : शिकवलं. शंभरदा शिकवलं. काच खाली कर, पास्टर मार्गो आल्यात.

पास्टर : दोन सॉसेज रोल आणलेत, गरम आहेत. क्लबच्या बायका म्हणाल्या, लवकर नोएलीनला नेऊन द्या, नाहीतर पाहुण्यांची टीम फस्त करील.

नोएलीन : तुम्हीही यात सामील आहात तर.

पास्टर : सॉसेज रोलपुरती. नाही, खरं सांगायचं तर थोडी जास्तच.

नोएलीन : उपदेश करायचा असेल तर उद्या करा, चर्चमध्ये. आज शनिवार आहे.

पास्टर : उपदेश नाही करत. एक सांगते आणि जाते. ब्रॉडी दर रविवारी येतो. पन्नास किलोमीटर गाडी हाकत येतो, कुंपणाबाहेर झाडाखाली थांबतो, काच खाली करून बसतो. शेवटचं गीत संपायच्या आत निघून जातो.

नोएलीन : आत यायला कुणी अडवलंय त्याला?

पास्टर : मीही तेच विचारलं. म्हणाला, 'नोएलीन काकू आत असतात.'

नोएलीन : द्या ते रोल इकडे.

पास्टर : रोल गार होतील. येते मी.

गार्थ : खा ना.

नोएलीन : तू पाहिलंयस त्याला? झाडाखाली?

गार्थ : दर रविवारी.

नोएलीन : आणि मला बोलला नाहीस.

गार्थ : तूही कुठे बोललीस? प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेची ओळ आली, 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो', की तुझा आवाज बंद होतो. दोन वर्षं शेजारी उभा राहून ऐकतोय मी.

नोएलीन : देवासमोर उभी राहून खोटं बोलू?

गार्थ : मी कुठे म्हणतोय बोल म्हणून? हॅमिश आठ महिन्यांचा होता, आठवतं? तुझ्या आईकडून परत येत होतो.

नोएलीन : ते नको काढूस.

गार्थ : दिवस मावळत होता. डावीकडून टुणकन उडी मारून आलं...

नोएलीन : नको म्हटलं ना!

गार्थ : आणि मी स्टिअरिंग वळवलं. शहाणपण शिकवणारा मी! रस्ता सोडून थेट गव्हाच्या शेतात घुसलो. गाडी थांबली तेव्हा पोरगं मागे खिदळत होतं. त्याला वाटलं, बाबा गंमत करतोय.

नोएलीन : मीच ओरडले होते. 'वळव, गार्थ, वळव' म्हणून.

गार्थ : ते मी कुणाला सांगितलं नाही.

नोएलीन : मीही नाही. गव्हातच गुडघे टेकून देवाचे आभार मानले आपण. आठवतंय मला. सगळं आठवतंय.

गार्थ : तिथे झाड नव्हतं, नोएलीन. एवढंच.

नोएलीन : मग याच्या वाटेत का ठेवलं देवानं?

गार्थ : नाही माहीत. पास्टरना विचारलं, तर त्याही म्हणाल्या, माहीत नाही. म्हणून तर मला आवडतात त्या. अरे, बघ! चेंडू चौदाकडे आलाय. पकडला! मारतोय... गेला, खांबांच्या मधून गेला! गोल!

(मैदानाभोवती चाळीसेक गाड्या उभ्या आहेत. एकीचाही हॉर्न वाजत नाही.)

नोएलीन : हे काय? गोल आपलाच ना? हॉर्न का नाही वाजवत कुणी?

गार्थ : आपलाच. पण पहिला हॉर्न आपल्या गाडीचा असायचा. माझ्या अंगावरून हात घालून तू दाबायचीस, मग बाकीचे. सगळे तुझ्यासाठी थांबलेत.

नोएलीन : मला नको हे. तूच वाजव.

गार्थ : मी नाही वाजवणार. तुला निघायचं असेल तर निघू. मी काही म्हणणार नाही.

नोएलीन : मान खाली घालून उभा आहे बघ. लहानपणी चेंडूनं काच फुटली की आपला दिवटा पसार व्हायचा, आणि हा असाच उभा राहायचा माझ्या स्वयंपाकघरात. ओरडा खायला.

गार्थ : हो.

नोएलीन : हॅमिशची फार आठवण येते रे. फार येते.

गार्थ : मलाही येते गं.

नोएलीन : सरक जरा. हात पोचत नाही.

गार्थ : बाप रे, किती वेळ दाबून धरलास! आता ऐक. सगळ्या गाड्या वाजतायत.

नोएलीन : तू रडू नकोस. तू रडलास की मला आवरत नाही.

गार्थ : माफ केलंस त्याला?

नोएलीन : नाही. गोल झाला म्हणून वाजवला.

गार्थ : बरं.

नोएलीन : उद्या जा आणि त्याला आत घेऊन ये. आपल्या बाकावर नको. मागे कुठेतरी बसव.

गार्थ : बसवतो.

नोएलीन : आणि ती ओळ आली, की तू जरा मोठ्यानं म्हण. माझ्याही वाटची.